घरगुती बिअरसाठी मोठे प्लास्टिक पात्र निवडताना

- प्रतिनिधी

इडलीचे पीठ रात्री झाकून ठेवताना भांडे काठोकाठ भरायचे नसते, हे कोणत्याही मराठी स्वयंपाकघराला सांगावे लागत नाही. लोणच्याच्या बरणीत मुरांबा भरू नये, हेही सर्वांना ठाऊक असते. आंबवण्याच्या आणि मुरवण्याच्या पदार्थांत कृतीइतकेच महत्त्व भांड्याला असते. हाच नियम बिअरलाही लागू आहे. ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया या देशांत घरी बिअर तयार करणे हा कायद्याने मान्य असलेला आणि चांगला रुजलेला छंद आहे. शिक्षण किंवा नोकरीनिमित्त तेथे स्थायिक झालेल्या मराठी मंडळींपैकीही काहीजण त्याकडे वळतात. या छंदातील पहिली मोठी खरेदी म्हणजे बिअर आंबवण्याचे पात्र, अर्थात फर्मेंटर. त्यातही सर्वाधिक खप प्लास्टिकच्या पात्रांचा. स्वस्त, हलके आणि न फुटणारे हे पात्र निवडताना नेमके काय पाहावे, याचा हा आढावा.

आरंभीच एक खुलासा आवश्यक आहे. महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर तयार करणे हा गुन्हा आहे. त्याविषयी सविस्तर माहिती लेखाच्या अखेरीस दिली आहे. पुढील विवेचन जेथे हा छंद कायदेशीर आहे, तेथील व्यवहाराला धरून आहे.

छंदाला मोकळीक कशी मिळाली?

ब्रिटनमध्ये १८८० च्या कायद्यानुसार घरी बिअर बनविणाऱ्यालाही परवाना घ्यावा लागत असे. तत्कालीन अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी १९६३ च्या अर्थसंकल्पात ही अट रद्द केली आणि स्वतःच्या घरापुरती बिअर करण्यास मोकळीक मिळाली. अमेरिकेत अध्यक्ष जिमी कार्टर यांनी १४ ऑक्टोबर १९७८ रोजी संबंधित विधेयकावर स्वाक्षरी केली. त्यानुसार एका प्रौढ व्यक्तीच्या घरात वर्षाला १०० गॅलन, तर दोन किंवा अधिक प्रौढांच्या घरात २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर बिअर करमुक्त बनविता येते. मात्र राज्यांचे कायदे वेगळे असल्याने मिसिसिपी आणि अलाबामा या अखेरच्या दोन राज्यांत ही मुभा २०१३ मध्ये मिळाली. या बिअरची विक्री करण्यास मात्र ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत मनाई आहे.

या इतिहासाचा पात्राच्या आकाराशी थेट संबंध आहे. ब्रिटनमधील प्रचलित कृती ५ ब्रिटिश गॅलनची, म्हणजे सुमारे २३ लिटरची असते. अमेरिकेतील गॅलन लहान असल्याने तेथील ५ गॅलन म्हणजे सुमारे १९ लिटर. ऑस्ट्रेलियात ॲडलेड येथील 'कूपर्स' कंपनीचे तयार संचही २३ लिटरच्या हिशेबानेच विकले जातात. त्यामुळे बाजारात मिळणारी बहुतेक प्लास्टिक पात्रे २५ ते ३० लिटरची असतात. त्यापुढे ६० आणि १२० लिटरची पात्रे येतात. 'मोठे पात्र' म्हणतात ते यांनाच.

पात्राचे काम काय?

मोड आणून वाळविलेली बार्ली, म्हणजे माल्ट, गरम पाण्यात मुरवून तिचा गोड अर्क काढतात. त्यात हॉप्स ही कडवट चवीची फुले घालून तो उकळतात आणि थंड करतात. या अर्काला 'वर्ट' म्हणतात. वर्ट पात्रात ओतून त्यात यीस्ट सोडले, की आंबण्याची क्रिया सुरू होते. यीस्ट साखर खाते; तिचे मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड वायूत रूपांतर होते. नेहमीच्या तीव्रतेच्या एक लिटर बिअरमागे साधारण २० लिटर वायू बाहेर पडतो. हा वायू जाऊ देणे, बाहेरची हवा व जंतू आत येऊ न देणे आणि तयार बिअर खालच्या गाळासह न ढवळता काढून घेता येणे, ही पात्राची तीन मुख्य कामे. पात्राची पारख याच तीन कसोट्यांवर करावी.

प्लास्टिक कोणते?

प्लास्टिकच्या वस्तूच्या तळाशी बाणांच्या त्रिकोणात एक आकडा असतो. ही पद्धत अमेरिकेतील प्लास्टिक उद्योगाने १९८८ मध्ये सुरू केली. त्यातील २ हा आकडा 'एचडीपीई', म्हणजे उच्च घनतेच्या पॉलिइथिलीनचा. पांढऱ्या, दुधट रंगाच्या बादल्या आणि पिंपे याचीच असतात. १ हा आकडा 'पेट'चा; पाण्याच्या पारदर्शक बाटल्या त्याच्या असतात. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. या तिन्ही प्रकारांची पात्रे बिअरसाठी वापरली जातात. ७ हा आकडा 'इतर' या संमिश्र गटाचा असून त्यात पॉलिकार्बोनेटही येते. पॉलिकार्बोनेट बनविताना बिस्फेनॉल-ए हे रसायन वापरले जाते. त्यामुळे पाण्याचे जुने मोठे जार या कामासाठी उचलण्यापूर्वी तळाचा आकडा जरूर पाहावा.

मात्र येथेच नवख्यांची सर्वांत मोठी गफलत होते. त्रिकोणातील आकडा पुनर्प्रक्रियेच्या सोयीसाठी आहे; तो खाद्यपदार्थांसाठी दिलेला दाखला नव्हे. दुधाचा कॅन, फिनेलचा डबा आणि इंजिन ऑइलचा कॅन या तिन्हींवर २ हाच आकडा असू शकतो. प्लास्टिकमध्ये मिसळलेले रंग, साच्यातून वस्तू सुटावी म्हणून लावलेली द्रव्ये आणि पुनर्प्रक्रिया केलेला कच्चा माल यांमुळे एकाच आकड्याच्या दोन वस्तूंत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. म्हणून खाद्यपदार्थांसाठी योग्य असल्याची स्वतंत्र खूण पाहावी. युरोपात पेला व काटा यांचे चिन्ह असते. १९३५/२००४ या क्रमांकाच्या युरोपीय नियमावलीत ते दिलेले आहे. अमेरिकेत 'एनएसएफ'ची खूण पाहतात. भारतात अन्नाच्या संपर्कात येणाऱ्या पॉलिइथिलीनसाठी आयएस १०१४६ हे मानक आहे.

जुने पिंप स्वस्त, पण कशाचे?

मोठ्या पात्रांच्या बाबतीत मोह होतो तो वापरलेल्या पिंपांचा. नवीन पात्राच्या तुलनेत अगदी किरकोळ किमतीत ती मिळतात आणि धुतल्यावर नव्यासारखी दिसतात. परंतु पॉलिइथिलीन काचेसारखे अभेद्य नसते. तेलकट आणि सुगंधी द्रव्ये त्याच्या अंगात मुरतात आणि नंतर भरलेल्या द्रवात हळूहळू उतरतात. बिअरमध्ये मद्यार्क असतो आणि ती आम्लधर्मीही असते. त्यामुळे असे मुरलेले अंश खेचून घेण्याची तिची क्षमता साध्या पाण्याहून अधिक असते.

ज्या पिंपात लोणचे, ऑलिव्ह किंवा व्हिनेगर होते, त्यात घातक काही नसले तरी वास जात नाही आणि बिअरला तो लागतो. ज्या पिंपात रसायन, कीटकनाशक, रंग किंवा डिटर्जंट होते, ते कितीही धुतले तरी अन्नासाठी कायमचे बाद समजावे. आणि ज्यात काय होते हे विक्रेत्याला सांगता येत नाही, ते रसायनाचेच होते असे समजून चालावे. या एका बाबतीत काटकसर करू नये. बिघडलेली बिअर ओतून देता येते. शरीरात गेलेले रसायन परत काढता येत नाही.

आकार : पेल्यात न मावणारे वादळ

यीस्ट जोमात आले, की वर्टवर फेसाचा जाड थर चढतो. अर्क घट्ट असेल, खोली उबदार असेल किंवा गव्हाची बिअर असेल, तर हा फेस झाकणापर्यंत पोहोचतो. त्यासाठी पात्राचा एक चतुर्थांश ते एक पंचमांश भाग रिकामा असावा. २३ लिटर बिअरसाठी ३० लिटरचे पात्र योग्य. २५ लिटरचे अपुरे पडण्याचा संभव अधिक. ६० लिटरच्या पात्रात ४५ ते ४८ लिटर भरावे.

याउलट, पात्र गरजेपेक्षा फार मोठे असणेही चांगले नाही. 'पुढे लागेल' म्हणून घेतलेल्या ६० लिटरच्या पात्रात २० लिटर बिअर ठेवली, तर वर तिच्या दुप्पट जागा हवेने भरलेली राहते. आंबण्याचा जोर असताना तयार होणारा वायू ही हवा बाहेर ढकलतो, त्यामुळे सुरुवातीचे काही दिवस चिंता नसते. पण जोर ओसरल्यावर झाकण उघडले, की पुन्हा हवा आत शिरते आणि बिअरवर मोठा थर करून बसते. प्राणवायू लागलेल्या बिअरला भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी शिळी चव येते. म्हणून पात्र आजच्या कृतीच्या मापाचे घ्यावे, उद्याच्या मनसुब्याच्या मापाचे नव्हे.

वजन आणि उष्णता

दुकानात रिकामे ६० लिटरचे पात्र एका हाताने उचलता येते, आणि तेथेच फसगत होते. वर्ट पाण्यापेक्षा किंचित जड असतो. २३ लिटरचे वजन सुमारे २४ किलो, ५० लिटरचे ५२ किलोंच्या पुढे, तर १०० लिटरचे १०५ किलोंच्या आसपास भरते. त्यात पात्राचे वजन वेगळे. भरलेले मोठे पात्र उचलायचे नसतेच. उचलू गेल्यास पाठीला इजा होते, बादलीची कडी निसटते आणि तळाचा गाळ ढवळतो तो निराळाच. त्यामुळे मोठे पात्र घेण्यापूर्वी त्याची कायमची जागा ठरवावी. ती जागा जमिनीपासून टेबलाच्या उंचीवर, भक्कम आणि सपाट असावी, म्हणजे तोटी उघडली की बिअर आपल्या वजनानेच खालच्या भांड्यात उतरते. वर्टही त्याच जागी नळीने किंवा थोडा थोडा करून नेता आला पाहिजे.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. आंबताना यीस्ट स्वतः उष्णता निर्माण करते. पात्राचे आकारमान आठपट झाले, तर त्याचा पृष्ठभाग चौपटच होतो. म्हणजे प्रत्येक लिटरमागे उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग निम्म्यावर येतो. त्यात प्लास्टिक उष्णतेचे मंदवाहक. परिणामी, मोठ्या पात्रातील बिअर खोलीपेक्षा काही अंशांनी गरम होते. 'एल' प्रकारातील बहुतेक यीस्टना १८ ते २२ अंश सेल्सिअस, तर 'लागर' यीस्टना साधारणतः ८ ते १३ अंश तापमान मानवते. त्यापेक्षा गरम झाल्यास सॉल्व्हंटसारखा उग्र वास आणि जळजळीत चव येते. लहान पात्र पाण्याच्या टबात किंवा जुन्या फ्रिजमध्ये मावते. मोठे मावत नाही. पात्राचा व्यास आणि उंची, एअरलॉकसह, फ्रिजच्या आतील मापाशी ताडून पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

वायूचाही विचार व्हावा. ५० लिटर बिअरमधून सुमारे हजार लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तो हवेपेक्षा जड असतो. त्यामुळे पात्र बंदिस्त तळघरात किंवा झोपण्याच्या लहान खोलीत न ठेवता हवा खेळती असलेल्या जागी ठेवावे.

झाकण, तोटी आणि तोंड

झाकण दोन प्रकारचे असते : दाबून बसणारे आणि आट्यांचे. दाबून बसणारे झाकण स्वस्त, पण वारंवार काढताना कडेला चीर पडते. मोठ्या पात्राला रबरी कडे असलेले आट्यांचे झाकण अधिक चांगले. झाकणातील छिद्रात एअरलॉक, म्हणजे पाणी भरलेली वळणदार नळी बसते. तिच्यातून वायू बुडबुड्यांनी बाहेर जातो, हवा मात्र आत येत नाही. झाकण सैल असेल तर वायू कडेने निघून जातो आणि बुडबुडे दिसत नाहीत. तेवढ्यावरून बिअर आंबत नाही असा निष्कर्ष काढू नये. खरा पुरावा हायड्रोमीटरचा. १.०५० च्या आसपास सुरू झालेले घनतेचे माप १.०१० च्या जवळ येऊन दोन-तीन दिवस स्थिर राहिले, म्हणजे क्रिया संपली. त्यापूर्वी बाटल्या भरल्यास त्या फुटण्याचा धोका असतो.

फेसाने एअरलॉक तुंबला, तर आतील दाबाने झाकण उडते. म्हणून मोठ्या पात्राला जाड नळी बसवून तिचे दुसरे टोक पाण्याच्या भांड्यात सोडण्याची सोय असावी. साधी बादली दाब सहन करण्यासाठी बनविलेली नसते, हे विसरू नये. दाबाखाली आंबवण्यासाठी 'पेट'ची खास पात्रे मिळतात. त्यांना सुरक्षा-झडप असते आणि निर्मात्याने ठरवून दिलेली दाबाची व वापराची मर्यादा असते. ती ओलांडू नये.

मोठ्या पात्राला तोटी असलीच पाहिजे. ती तळापासून दोन-तीन सेंटिमीटर वर असावी, म्हणजे गाळ खाली राहतो. पण तोटी हीच जंतूंची आवडती जागा. तिच्या आट्यांत आणि आतील फिरत्या भागात वाळलेली बिअर साचते. पूर्णपणे सुटी करून धुता येणारी तोटीच घ्यावी आणि प्रत्येक वेळी ती सुटी करावी. बसविल्यानंतर पात्रात पाणी भरून रात्रभर ठेवावे. गळती पाण्याची असतानाच कळलेली बरी.

तोंड इतके रुंद असावे, की हात तळापर्यंत पोहोचेल. अरुंद तोंडाची पात्रे ब्रशने घासावी लागतात आणि तेथूनच पुढची समस्या उद्भवते.

ओरखडे आणि स्वच्छता

प्लास्टिकचा खरा शत्रू ओरखडा. तारेची घासणी, ताठ ब्रश किंवा एकात एक घातलेल्या बादल्या यांमुळे आतून बारीक रेषा पडतात. लॅक्टोबॅसिलस, पेडिओकॉकस यांसारखे आंबट करणारे जंतू आणि रानटी यीस्ट अशा खाचांत थर करून राहतात. जंतुनाशक तेथवर पोहोचत नाही. एकामागून एक घाणे आंबट होऊ लागले, तर कृतीत दोष शोधण्यापूर्वी पात्र उजेडात धरून पाहावे.

स्वच्छता दोन टप्प्यांत होते. आधी मळ काढणे, मग निर्जंतुक करणे. मळासाठी सोडियम परकार्बोनेट असलेली पावडर कोमट पाण्यात घालून पात्र भिजवावे आणि मऊ कापडाने पुसावे. त्यानंतर फॉस्फोरिक आम्लावर आधारित, पुन्हा धुवावे न लागणारे जंतुनाशक किंवा आयोडिनचे द्रावण वापरावे. आयोडिनने प्लास्टिक पिवळसर होते; ते डाग निरुपद्रवी असतात. 'पेट'च्या पात्रात कडकडीत पाणी कधीही घालू नये. साधारण ७० अंशांच्या पुढे ते मऊ पडून आक्रसते. एचडीपीई अधिक उष्णता सोसते. ऑस्ट्रेलियातील छंदी मंडळी तर उकळता वर्ट थेट जाड एचडीपीईच्या कॅनमध्ये भरून थंड होऊ देतात. पातळ बादलीवर मात्र हा प्रयोग करू नये.

किती दिवस ठेवावे?

एचडीपीईमधून प्राणवायू अत्यंत सावकाश, पण सतत पाझरतो. 'पेट'मधून त्याहून कितीतरी कमी. दोन-तीन आठवड्यांत बाटल्यांत भरायच्या बिअरला याचा उपद्रव होत नाही. त्या मुदतीत सैल झाकण आणि वारंवार डोकावण्याची सवय अधिक नुकसान करते. कित्येक महिने मुरवायच्या तीव्र किंवा आंबट बिअरसाठी मात्र काच किंवा स्टेनलेस स्टील बरे. काचेचे मोठे बुधले ओल्या हातातून निसटून गंभीर इजा होतात, हे ध्यानात घेता रोजच्या वापराला प्लास्टिकच सोयीचे. पारदर्शक पात्रावर जाड कापड गुंडाळावे; उजेडाने हॉप्समधील घटक विघटित होऊन बिअरला दुर्गंधी येते.

एक मोठे की दोन लहान?

वरील सर्व बाबींचा विचार करता, ४५ लिटर बिअर करणाऱ्यानेही ६० लिटरचे एक पात्र घेण्याऐवजी ३० लिटरची दोन घ्यावीत, हा पर्याय अनेकदा सरस ठरतो. दोन पात्रांत दोन निराळी यीस्ट वापरता येतात. एकाला जंतुसंसर्ग झाला तरी निम्मा माल वाचतो. पात्र उचलता येते, फ्रिजमध्ये मावते आणि ओरखडे पडल्यास एकच बदलावे लागते. मोठ्या पात्राची बाजू एवढीच, की धुण्याचे आणि मोजमापाचे काम एकदाच होते. ज्याची जागा कायम आहे, तापमान राखण्याची सोय आहे आणि एकच बिअर वारंवार करण्याचा सराव आहे, त्याने मोठे पात्र जरूर घ्यावे. पहिल्या खरेदीसाठी मात्र ३० लिटरच पुरेसे. मोठे पात्र भरणे सोपे असते. ते रिकामे करणे, धुणे आणि बिघडल्यास ओतून देणे अवघड असते.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी

'मुंबई दारूबंदी कायदा, १९४९' हा आता 'महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम' म्हणून ओळखला जातो. त्यानुसार परवान्याशिवाय मद्यनिर्मिती करणे आणि त्या हेतूने साहित्य वा भांडी बाळगणे, हे दोन्ही गुन्हे आहेत. घरापुरती, विक्रीविना बिअर करण्यासाठी ब्रिटनसारखी सवलत येथे नाही. पुणे-मुंबईतील उपाहारगृहांत दिसणाऱ्या लहान ब्रुअरी रीतसर परवान्यावर चालतात. त्यामुळे परदेशातून परतणाऱ्यांनी हा छंद तेथेच ठेवून यावा.

पात्राच्या निवडीचे नियम मात्र येथेही तितकेच लागू आहेत. पाणीटंचाईच्या दिवसांत अनेक घरांत वापरलेली निळी पिंपे पाणी साठविण्यासाठी आणली जातात. लोणची, व्हिनेगर, कांजी मोठ्या प्रमाणावर घालणारे गृहउद्योगही प्लास्टिकची पिंपे वापरतात. पिंपात पूर्वी काय होते, हा प्रश्न तेथेही आधी विचारला गेला पाहिजे.

खरेदीपूर्वी तपासा

* तळाचा आकडा १, २ किंवा ५ आहे काय? खाद्यपदार्थांसाठीची स्वतंत्र खूण आहे काय?
* पात्र नवे आहे काय? जुने असल्यास त्यात पूर्वी काय होते, याचा मूळ लेबलासह पुरावा आहे काय?
* झाकण उघडून वास घ्या. कोणताही वास येत असल्यास घेऊ नका.
* आतून हात फिरवा व उजेडात पाहा. ओरखडे, खाचा, साच्याच्या उंच रेषा नसाव्यात.
* हात तळापर्यंत पोहोचतो काय? तोटी पूर्ण सुटी होते काय?
* बाहेरील लिटरच्या खुणा मोजलेले पाणी ओतून पडताळा. त्या अनेकदा चुकीच्या असतात.
* भरल्यावर पात्र कोठे राहील, त्याचे तापमान कसे राखणार आणि ते रिकामे कसे करणार, हे ठरले आहे काय?